ताणात रात्री खा-खा सुटते, दोष कोणाचा? न्यूरोपेप्टाइड वायविषयी

प्रश्न असा आला आहे: "वय ३९, बँकेत नोकरी. दिवसभर फारसं खात नाही. डबा बरेचदा तसाच परत येतो. पण रात्री दहानंतर फरसाण, बिस्किटं, मुलांची चॉकलेटं, हाताला लागेल ते खाते. मार्च एंडिंगला तर हे रोजचंच. घरचे म्हणतात, तोंडावर ताबा नाही. मेंदूतल्या न्यूरोपेप्टाइड वाय नावाच्या द्रव्यामुळे असं होतं असं वाचलं. त्याची रक्ताची तपासणी करावी का? ते 'ब्लॉक' करणाऱ्या कॅप्सूल ऑनलाइन मिळतात, त्या घ्याव्यात का?"

तपासणी करू नका आणि कॅप्सूलही घेऊ नका. हे आधी सांगतो, म्हणजे बाकीचं वाचून होईपर्यंत ऑर्डर गेलेली नसेल. न्यूरोपेप्टाइड वाय अडवणारं वजनाचं एकही मान्यताप्राप्त औषध आज बाजारात नाही. तसे प्रयत्न झाले, मोठ्या कंपन्यांनी केले, आणि ते का फसले यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे.

"तोंडावर ताबा नाही" हे वाक्य लठ्ठपणा आणि मधुमेहाच्या ओपीडीत मी अनेक वर्षं ऐकतो आहे. पेशंट ते मान खाली घालून सांगते आणि सोबत आलेला नवरा किंवा सासू मान डोलावते. मला हे वाक्य मान्य नाही. तुमचं वाईट वाटू नये म्हणून मी असं म्हणत नाही. भुकेबद्दल गेल्या चाळीस वर्षांत जे कळलं आहे त्यात ते बसतच नाही.

न्यूरोपेप्टाइड वाय म्हणजे ३६ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. १९८२ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये काझुहिको तातेमोतो यांनी ती डुकराच्या मेंदूतून वेगळी काढली. मेंदूत हे द्रव्य भरपूर आहे आणि ते एका जागी बसलेलं नाही. दोनच वर्षांत, १९८४ मध्ये, ते उंदरांच्या मेंदूत टोचून पाहिलं गेलं, तेव्हा पोटभर खाल्लेले उंदीरसुद्धा पुन्हा खायला लागले. भूक वाढवणारं इतकं जोरकस द्रव्य तोवर फारसं कोणी पाहिलं नव्हतं.

भुकेपुरतं याचं मुख्य ठाणं हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे भूक-तहान सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाच्या तळाशी, आर्क्युएट न्यूक्लियस नावाच्या भागात आहे. तिथल्या काही चेतापेशी न्यूरोपेप्टाइड वाय आणि एजीआरपी नावाचं दुसरं पेप्टाइड, दोन्ही बनवतात. त्यांना आपण भुकेच्या पेशी म्हणू. शेजारीच उलट काम करणाऱ्या, "पुरे आता" सांगणाऱ्या पेशी आहेत. चरबीतून रक्तात येणारं लेप्टिन हे संप्रेरक भुकेच्या पेशींना शांत ठेवतं. ते १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. रिकाम्या जठरातून येणारं घ्रेलिन त्यांना चेतवतं. ते १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं. म्हणजे दुपारचा डबा तुम्ही न उघडता परत आणलात, तर त्याची नोंद तुमच्या नकळत होते. घ्रेलिन वाढतं, इन्सुलिन उतरतं आणि या पेशी जोरात कामाला लागतात.

पुढचे प्रयोग मी जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या रात्रीच्या खाण्याशी त्यांचा जवळचा संबंध दिसतो. २०११ मध्ये उंदरांच्या या पेशी प्रकाशाने चालू-बंद करता येऊ लागल्या. त्या चालू केल्या की पोट भरलेला उंदीर काही मिनिटांत खाऊ लागे. मग २०१५ मध्ये जिवंत, हिंडत्याफिरत्या उंदरात या पेशींचं काम प्रत्यक्ष नोंदवलं गेलं आणि संशोधक चक्रावले. उपाशी उंदरासमोर खाणं ठेवलं की पहिला घास घेण्याआधीच, नुसत्या दर्शनाने आणि वासाने, या पेशी गप्प होत होत्या. आता भुकेच्या पेशी जेवणाआधीच थंडावत असतील, तर पुढचा अर्धा-पाऊण तास उंदीर खातो कशाच्या जोरावर?

उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या झॅकरी नाइट यांच्या गटाने दिलं. त्यांनी खाणं समोर नसताना या पेशी काही वेळ चेतवल्या, मग थांबवल्या आणि त्यानंतर खाणं दिलं. पेशी बंद असूनही उंदीर तुटून पडले. २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं की हा मागे रेंगाळणारा परिणाम न्यूरोपेप्टाइड वायचा आहे. ते नसलेल्या उंदरांत भूक अशी साठून राहत नाही. गॅस बंद केला तरी तवा बराच वेळ तापलेला राहतो, तसं हे आहे. आधी किती वेळ उपाशी राहिलात, त्याची धग नंतरच्या खाण्यात उतरते.

हे उंदरांतलं काम आहे, माणसाच्या मेंदूत इतक्या बारकाईने कोणी पाहिलेलं नाही, हे मान्य करूनच बोलतो. पण मी पेशंटना खाण्याची वही ठेवायला सांगतो, आणि त्या वह्यांत एकच आकृती पुन्हा पुन्हा दिसते. सकाळी चहा-बिस्किट. दुपारी "काम होतं" किंवा "वजन कमी करायचंय". पाचला पुन्हा चहा. साडेआठला जेवण, तेही थोडंच. आणि दहानंतर दोन-तीन ओळी, अक्षर बिघडलेलं, काही वेळा फक्त "बरंच काही". या बायका रात्री हावरटपणा करत नाहीत, दिवसाची थकबाकी फेडत असतात.

इथवरची गोष्ट भुकेची. पण तुम्ही मार्च महिन्याचा उल्लेख केलात, आणि तिथे या द्रव्याची दुसरी बाजू येते.

कानशिलाच्या आतल्या बाजूला, खोलवर अमिग्डला नावाचा भाग आहे. भीती आणि धास्ती यांचा कारभार बराचसा तिथून चालतो. ताण आला की मेंदूत सीआरएफ नावाचं पेप्टाइड सुटतं. ते १९८१ मध्ये वाइली व्हेल यांनी कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये ओळखलं. सीआरएफ छाती धडधडवतं, झोप उडवतं आणि भूक मारतं. मुलाखतीच्या सकाळी घास उतरत नाही, तो त्यामुळे. न्यूरोपेप्टाइड वाय अमिग्डलात याच्या बरोबर उलट वागतं. ते तिथे टोचलं की उंदरांची धास्ती कमी होते, मोकळ्या उजेडाच्या जागेत ते जास्त धीटपणे फिरतात. ज्यांच्यात हे द्रव्यच तयार होत नाही असे उंदीर जास्त घाबरट निघतात.

माणसांतला सर्वांत बोलका पुरावा सैन्यातून आला. २००० च्या सुमारास येल विद्यापीठाचे चार्ल्स मॉर्गन यांनी अमेरिकेतल्या फोर्ट ब्रॅग इथल्या प्रशिक्षणात सैनिकांचं रक्त तपासलं. या प्रशिक्षणात सैनिकांना युद्धकैद्यासारखं कोंडतात, उपाशी ठेवतात, झोपू देत नाहीत आणि कठोर उलटतपासणी घेतात. त्यानंतर स्पेशल फोर्सेसच्या जवानांत न्यूरोपेप्टाइड वायची पातळी इतर सैनिकांपेक्षा जास्त चढलेली होती. एक दिवसानंतर ती त्यांच्यात मूळ पदावर आली होती. इतरांत मात्र ती मूळ पातळीच्याही खाली घसरली होती. ज्यांच्यात ती जास्त होती, त्यांचं भान उलटतपासणीत कमी हरपलं होतं. युद्धातून आघात घेऊन परतलेल्या माजी सैनिकांत याच द्रव्याची पातळी कमी आढळली. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय इथे अशा आघातग्रस्तांना हे द्रव्य नाकातून देऊन पाहिलं. चाचणी छोटी होती, पण मात्रा जास्त तशी अस्वस्थता कमी, असा कल दिसला.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. वजनाच्या क्षेत्रातले लोक हे द्रव्य अडवायला निघाले होते आणि मानसोपचारातले लोक तेच द्रव्य द्यायला निघाले आहेत. खायला लावणारं आणि धीर देणारं द्रव्य एकच आहे. माझ्या दृष्टीने सगळ्या विषयाचा गाभा हा आहे. दिवसभर ताणाखाली राहिलेली व्यक्ती रात्री खाते, तेव्हा अन्नाबरोबर ती दिलासाही शोधत असते, आणि मेंदूत या दोन गोष्टींची यंत्रणा पुष्कळशी सामायिक आहे.

या दोन बाजू जुळतात कशा, हे सिडनीच्या गार्व्हन इन्स्टिट्यूटमध्ये हर्बर्ट हर्झॉग यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं. त्यांनी उंदरांना दीर्घकाळ ताण दिला. साधं खाणं असलेल्यांचं वजन फारसं वाढलं नाही. तुपकट, भरपूर उष्मांकांचं खाणं असलेले उंदीर मात्र तणावमुक्त सोबत्यांपेक्षा जास्त खाऊ लागले आणि जास्त फुगले. कारण अमिग्डलातच सापडलं. तिथल्या न्यूरोपेप्टाइड वाय पेशींवर एरवी इन्सुलिनचा लगाम असतो. ताण आणि असं खाणं एकत्र आलं की इन्सुलिन सतत चढलेलं राहतं, पेशी त्याला दाद देईनाशा होतात आणि लगाम सुटतो. नुसता ताण किंवा नुसतं फरसाण यांपेक्षा दोन्हींची युती जास्त महागात पडते. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉलही आर्क्युएटमधल्या भुकेच्या पेशींना अधिक न्यूरोपेप्टाइड वाय बनवायला लावतं, ती भर वेगळीच.

मेंदूबाहेरही हे द्रव्य आहे. ताणाच्या वेळी चेतातंतूंच्या टोकांतून ते नॉरॲड्रेनॅलिन या ताणाच्या रसायनाबरोबर सुटतं आणि रक्तवाहिन्या आवळतं. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या झोफिया झुकोव्स्का यांनी २००७ मध्ये उंदरांत दाखवलं की ताण आणि गोड-तुपकट खाणं यांच्या जोडीने हेच द्रव्य पोटाच्या चरबीत सुटतं आणि ती चरबी वाढवतं. रक्ताच्या तपासणीला मी नाही म्हणालो, त्याचं कारणही इथेच आहे. रक्तात सापडणारं न्यूरोपेप्टाइड वाय बहुतांशी या चेतातंतूंतून आलेलं असतं. तुमच्या हायपोथॅलॅमसमध्ये काय चाललंय ते त्यावरून कळत नाही, आणि आकडा कमी-जास्त आला तरी उपचारात काही बदलत नाही. सैनिकांच्या गटांची तुलना करायला तो आकडा उपयोगी पडला. एकट्या पेशंटसाठी तो निरुपयोगी आहे.

पोटाच्या चरबीची काळजी आपल्याकडे जास्त करावी लागते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं अभ्यासली, तेव्हा ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण चरबी मात्र राखून असलेली आढळली. म्हणून काट्यावरचा आकडा ठीक दिसला तरी मी पेशंटच्या कमरेला टेप लावतोच.

न्यूरोपेप्टाइड वायचा हात खाण्यापलीकडच्या वागण्यापर्यंतही पोचतो. १९९८ मध्ये दिसलं की ते नसलेले उंदीर दारू जास्त पितात आणि ते जास्त असलेले कमी पितात. आपल्या नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागातही यावर नेटाने काम झालं आहे. मॉर्फिनमुळे मिळणाऱ्या सुखात न्यूरोपेप्टाइड वायचा वाटा आहे, हे तिथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांत दाखवलं. सुख, व्यसन, धास्ती, भूक या वेगवेगळ्या खोल्या आहेत असं आपण धरून चालतो, मेंदू तसं धरत नाही.

उपासमार माणसाचं वागणं किती बदलते, याचा सर्वांत जुना आणि सविस्तर दाखला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातला आहे. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते सगळे स्वेच्छेने आलेले, तत्त्वनिष्ठ, मनाने खंबीर लोक होते. थोड्याच दिवसांत ते दिवसभर जेवणाबद्दल बोलू लागले, पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर काही जणांना खाणं थांबवताच येईना. तेव्हा न्यूरोपेप्टाइड वाय कोणाला माहीतही नव्हतं. घरच्यांनी इच्छाशक्तीचा विषय काढला तर त्यांना या ३६ जणांबद्दल जरूर सांगा.

आता औषधांचं. १९९६ मध्येच एक धक्का बसला होता: न्यूरोपेप्टाइड वाय जन्मापासून नसलेले उंदीर जवळपास नेहमीइतकंच खात होते. २००५ मध्ये मात्र प्रौढ उंदरांतल्या भुकेच्या पेशीच मारल्या, तर ते खाणं सोडून मरणपंथाला लागले. अर्थ असा की लहानपणापासून एक वाट बंद असेल तर मेंदू दुसऱ्या वाटा काढून ठेवतो. भूक जिवंत राहण्यासाठी इतकी मोलाची आहे की ती एकाच धाग्यावर टांगलेली नाही. तरीही कंपन्यांनी प्रयत्न केले. या द्रव्याचा वाय-५ नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं ती जागा, अडवणारं मर्कचं एमके-०५५७ हे औषध वर्षभर माणसांत तपासलं गेलं आणि निकाल २००६ मध्ये आला. रिसेप्टर नीट अडवला जात होता, पण औषध नसलेल्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत वजनातला फरक जेमतेम दीड-दोन किलो. औषध तिथेच थांबलं. त्याच सुमारास रिमोनाबँट हे वेगळ्या वाटेने भूक मारणारं औषध युरोपात २००६ मध्ये आलं आणि २००८ मध्ये मागे घ्यावं लागलं, कारण लोक नैराश्यात जात होते. भुकेला हात घातला की मनालाही हात लागतो, हे त्यातून सगळ्यांनाच कळलं. अशा पार्श्वभूमीवर ऑनलाइन कॅप्सूलवाला "एनपीवाय (न्यूरोपेप्टाइड वाय) ब्लॉकर" म्हणून काय विकतो आहे, ते तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे २०२५ पासून वजनासाठी मिळणारी टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं ही वेगळी गोष्ट आहे. सेमाग्लुटाइडच्या जातीची औषधं "पुरे" सांगणाऱ्या पेशींना चेतवतात आणि आडवाटेने भुकेच्या पेशींना शांत करतात, असं प्राण्यांतल्या अभ्यासात दिसलं आहे. "डोक्यातला खाण्याचा विचारच बंद झाला," असं पेशंट सांगतात. ज्यांना गरज आहे त्यांना मी ती देतो. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला, हेही आधी सांगून देतो. त्यात नवल नाही. मेलबर्नच्या २०११ च्या अभ्यासात, कडक डाएटने वजन उतरवलेल्यांत एक वर्षानंतरही लेप्टिन खाली आणि घ्रेलिन वरच होतं.

तुमच्यासाठी माझा सल्ला पेशंटना खटकतो: मार्चमध्ये डाएट करू नका. वजन उतरवण्याचा विचार एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात करू. मार्चमध्ये एकच काम, दिवसा खाणं. सकाळी घराबाहेर पडण्याआधी अंडं, मुगाचं धिरडं किंवा उसळ असं प्रथिनांचं काहीतरी पोटात जायला हवं. नुसत्या चहा-बिस्किटाला मी नाश्ता म्हणत नाही. डबा दीडपर्यंत संपवायचा, भले काउंटरमागे उभ्याने. आणि सर्वांत महत्त्वाचं, संध्याकाळी पाच-साडेपाचचं खाणं. बहुतेक सगळ्या वह्यांत हीच वेळ रिकामी असते. मूठभर भाजके चणे-शेंगदाणे, एखादं फळ, ताक, इतकं पुरतं. रात्रीचं जेवण पूर्ण जेवा, भाकरी-भाजी-वरणासकट. "रात्री भात नको" वगैरे नियम सध्या बाजूला ठेवा.

देवाधर्माचा उपास सोडा असं मी कोणाला सांगत नाही, तो तुमचा प्रश्न आहे. वजनासाठी धरलेला उपास मात्र ताणाच्या दिवसांत सोडाच. आणि झोप. शिकागोत २००४ मध्ये निरोगी तरुणांना दोनच रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर लेप्टिन उतरलं, घ्रेलिन चढलं आणि भूक वाढली. रात्री बारापर्यंत जागून फाइल संपवणं आणि त्याच रात्री फरसाणाचा डबा संपवणं, या दोन घटना वेगळ्या नाहीत.

एवढं करूनही दहाला खावंसं वाटलंच, तर खा. ताटलीत काढून, बसून, दिवा लावून खा. पाकिटातून उभ्याने खाल्लं की किती खाल्लं ते कळत नाही आणि लपून खाल्ल्याची बोच दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी ठेवते. तिथून तेच चक्र सुरू होतं. फरसाण घरात आणणं महिनाभर थांबवा. ही गोष्ट घरच्यांनी करायची आहे, बोलणी लावण्याऐवजी.

काही गोष्टी मात्र मला तपासायच्याच असतात. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि मधल्या वेळचं खाणं चुकत असेल, तर घाम सुटून लागणारी भूक साखर खाली गेल्याची असू शकते. तेव्हा आधी साखर मोजा आणि खाली असेल तर लगेच साखर घ्या. स्टिरॉइड, तसंच मानसिक आजारांवरची ओलँझापिन आणि मिर्टाझापिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट ही औषधं भूक वाढवतात. सांधेदुखीच्या बिनलेबल पुड्यांतही कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून "औषध" न मानता घेतलेलं सगळं मला दाखवा. थोड्या वेळात प्रचंड खाऊन त्यानंतर उलटी काढणं, मध्यरात्री खाल्ल्याशिवाय पुन्हा झोपच न येणं, किंवा सतत उदास वाटून कशातच मन न रमणं, यांपैकी काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घ्या. या तिन्हींवर चांगले उपचार आहेत, आणि लवकर सुरू झाले तर बरंही लवकर वाटतं. जीव नकोसा होण्याइतकं मन खचलं असेल तर त्याच दिवशी जा, मार्च संपायची वाट पाहू नका.

भेटायला याल तेव्हा फास्टिंग शुगर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर) आणि थायरॉइडचा रिपोर्ट आणा. सोबत दोन आठवड्यांची वही आणा. तिच्यात काय खाल्लं याबरोबर किती वाजता खाल्लं आणि त्याआधी किती तास पोट रिकामं होतं, तेवढं लिहिलेलं असू द्या.